जिन्याने गेलो होतो

४ जून

चि. टिल्लूस ताईचे अ. उ. आ.

सव्वासहा फुटी माणसाला अजून टिल्लू म्हणते म्हणून रागावणार असशील तर खुशाल रागाव, पण उत्तर मोठं लिही. मागचं पत्र म्हणजे तुझ्या कंपनीच्या सूचनाफलकावरची नोटीस वाटली. पुस्तकांबद्दल फोनवर बोलायचं नाही हे आपलं जुनं ठरलेलं, कारण फोनवर तू फक्त हं हं करतोस. मग निदान कागदावर तरी तोंड उघड.

आता माझं वाचन. ग्रंथालयातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला की तिथली मुलगी मला आधी बोलावते. ह्यांचं म्हणणं असं की मी पगाराशिवाय नोकरी करते. असो. ज्या कादंबरीची सगळे वाहवा करतायत ती वाचून संपवली. नवरा-बायको वेगळे होतात आणि चारशे पानं घर कुणाचं यावर खल करतात. नवरा म्हणे वास्तुविशारद, पण अख्ख्या पुस्तकात एकदाही पेन्सिल हातात धरत नाही. बायको तीन प्रकरणं खिडकीशी उभी. मला वाटलं, हिला कुणीतरी बाजारात तरी पाठवा.

तू पाठवलेला ‘मिठाच्या राज्याचे वारस’चा पहिला भाग नेटाने वाचला. सतरा राजपुत्र आणि सगळ्यांची नावं ‘र’वरून! नकाशा उघडा ठेवूनही मी दोनदा चुकीच्या लढाईत शिरले. पण स्वतःच्या आठवणी विकून गावातले दिवे पेटते ठेवणारी ती म्हातारी मात्र आवडली. तिच्यासाठी दुसरा भाग वाचेन. राजपुत्रांसाठी नाही.

आणि आता खरी बातमी. सोबत एक पुस्तक पाठवतेय, ‘बाबा वर गेलेत’. लेखिकेचं पहिलंच. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते म्हणे. एका लिफ्टमनची गोष्ट आहे, त्याची मुलगी सांगते. टिल्लू, बऱ्याच वर्षांत इतकं सरळ लिहिलेलं काही वाचलं नव्हतं. मी दोन बैठकांत संपवलं आणि नंतर उगाच कपाट आवरत बसले. तुझं सगळं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं, म्हणून तुला मुद्दाम पाठवतेय. त्यातली लिफ्ट खरी आहे का ते सांग. सप्टेंबरात निवृत्त झालास की तुला दुसरं काम तरी काय आहे!

वहिनीला सांग की तिने विणलेला स्वेटर ह्यांना पोटावर बसत नाही, दोष पोटाचा आहे.

माया आहेच, तिला उत्तराची वाट पाहायला लावू नकोस.

तुझी ताई


१३ जून

ति. सौ. ताईस टिल्लूचा शि. सा. न.

विनंती विशेष अशी की राजपुत्रांना नावं ठेवू नयेस. दुसरा भाग मी वाचला. वारस तीनशे पानं मुकुट नको नको म्हणतो आणि शेवटी लेखक त्याचा जुळा भाऊ पोत्यातून काढल्यासारखा बाहेर काढतो. ही शुद्ध फसवणूक. पण पक्ष्यांची लढाई मात्र वाचच. आणि किल्ल्यावर पाणी चढवायची जी कप्प्यांची रचना दाखवलीय ती मी कागदावर मांडून पाहिली, वजनासकट बरोबर आहे. जादू-अजगरांच्या पुस्तकात माणूस कप्पी चुकत नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. तुमच्या त्या घरगुती कादंबऱ्यांत साधा नळ कुणाला दुरुस्त करता येत नाही.

मला ही पुस्तकं का आवडतात असं तू नेहमी विचारतेस. एक कारण सांगतो. तिथे जादू फुकट नसते. जो मंत्र म्हणतो त्याला त्याची किंमत त्याच प्रकरणात मोजावी लागते, फार तर पुढच्या.

तू पाठवलेलं पुस्तक तीसेक पानं वाचलं. जमलं नाही. लिफ्टची माहिती चुकीची आहे. डबा मजल्यावर नसताना बाहेरचं दार असं उघडत नाही. लेखिकेने कुणा जाणकाराला विचारायची तसदी घेतलेली दिसत नाही. भाषाही रडकी. परत पाठवतोय, तुझ्या ग्रंथालयाला देऊन टाक.

इकडे ठीक. समारंभाची तयारी चालू आहे. चौतीस वर्षांत एकही अपघात नाही असं मानपत्रात लिहिणार आहेत. भाऊजींना नमस्कार.

आहे तसा सांभाळून घेशीलच.

टिल्लू


१९ जून

चि. टिल्लूस अ. उ. आ., आणि एक चापटही.

पुस्तक मिळालं. भाषा रडकी! अरे, त्या बाईने अख्ख्या पुस्तकात कुणाला रडवलेलं नाही. बाप मरतो त्या पानावरसुद्धा ती त्याच्या टोपीला ब्रश करत बसते. तुला आवडलं नाही तर नाही, पण खोटं कारण देऊ नकोस.

आणि तीस पानं वाचलीस म्हणतोस? मी पस्तीस वर्षं परत आलेली पुस्तकं तपासलीयत. कोणतं पुस्तक कुठवर उघडलं गेलं ते मला पाठ बघूनच कळतं. हे शेवटपर्यंत वाचलेलं आहे. शिवाय दोनशे बाराव्या पानाचा कोपरा दुमडलाय आणि समासात पेन्सिल इतकी दाबलीय की मागच्या पानावर भोक पडलंय. चौकशीचं पान आहे ते. उंच मेकॅनिक साहेबांपुढे सांगतो की वरच्या मजल्यांवर मी जिन्याने गेलो होतो, त्या ओळीपाशी.

ती गोष्ट तुला नीट माहीत आहे तर मग बोलूया. सहा मजली इमारत. लिफ्टमनला सगळे कप्तान म्हणतात, टोपीमुळे. एका सकाळी पाचव्या मजल्यावरची टायपिस्ट हातात फायली घेऊन दार ओढते, दार उघडतं, आत डबा नसतो. ती पडते आणि जागच्या जागी जाते. दोनच दिवसांपूर्वी मेकॅनिकने सहाही मजल्यांची दारं तपासून कार्डावर खुणा केलेल्या. म्हणजे दार ठीक होतं, म्हणजे कप्ताननेच आपल्या किल्लीने उघडून ठेवलं असणार. कप्तान सांगत राहतो की त्या दिवशी लिफ्ट मीच चालवत होतो आणि या पोराला मी दुसऱ्या मजल्याच्या वर नेलेलंच नाही. तेव्हा मेकॅनिक म्हणतो, जिन्याने गेलो होतो. संपलं. कप्तानची नोकरी जाते, टायपिस्टचा नवरा त्याला फाटकाशी सगळ्यांदेखत थोबाडीत मारतो, आणि पुढची नऊ वर्षं तो माणूस छत्र्या दुरुस्त करत जगतो.

यातलं चुकीचं काय? दाराचं लॉक झिजलं की दार असं उघडतं, हे तूच एकदा माझ्या घरी जेवताना हातवारे करून सांगितलं होतंस. ह्यांच्या अंगावर पाणी सांडलं होतं, म्हणून लक्षात आहे.

वहिनीचा काल फोन आला होता. तू धड जेवत नाहीस, माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्यास, विचारलं की खेकसतोस, असं म्हणाली. डॉक्टरला दाखवलंस का? समारंभाची धास्ती घेतलीयस का? की त्या काळात अशी काही हकिगत तुमच्या कंपनीत कानावर आली होती?

मी लेखिकेला पत्र लिहिलंय. पुस्तक आवडल्याचं कळवलं आणि माझा भाऊ लिफ्टमधला जाणकार आहे, असंही लिहिलं. तुझं नाव काही लिहिलं नाही.

काळजीत ठेवू नकोस. चार ओळी तरी लगेच टाक.

ताई


२५ जून

ति. ताईस सा. न.

माझी प्रकृती उत्तम आहे. तू ग्रंथपाल होतीस, पोलिसात नव्हतीस. कादंबरी ही कादंबरी असते. लेखिकेला पत्र लिहिताना मला विचारायला हवं होतंस. मला जाणकार वगैरे म्हणू नकोस. पुन्हा तिला काही कळवू नकोस आणि मला यापुढे पुस्तकं पाठवू नकोस.

तुझ्या वहिनीला फोनवर काही विचारू नकोस. तिला यातलं काही माहीत नाही.

टिल्लू


३ जुलै

चि. टिल्लूस,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी हे वाच, आणि बसून वाच.

तू लिहिलंस की वहिनीला यातलं काही माहीत नाही. यातलं म्हणजे कशातलं, हे मला कळेना. मी ते वाक्य दिवसभर मनात घोळवत होते. दुसऱ्या दिवशी लेखिकेचं उत्तर आलं. फार सालस पत्र आहे. तिने लिहिलंय की पुस्तकातली लिफ्ट खरी आहे, इमारत खरी आहे आणि कप्तान तिचे वडील होते. मेकॅनिकचं नाव तिला कधीच कळलं नाही. वडील त्याला ‘तो उंच पोरगा’ एवढंच म्हणत. चौकशीचे कागद कंपनीने ठेवले नाहीत. पण चौकशी झाल्यावर वडिलांनी लिफ्टमधल्या चौकटीतून तपासणीचं कार्ड काढून घेतलं होतं. ते ट्रंकेत कपड्यांखाली सापडलं. तुमच्या भावाला दाखवाल का, असं तिने विचारलंय. खुणा बघून जाणकाराला काही सांगता येईल, अशी तिला आशा आहे. सोबत कार्डाची झेरॉक्स पाठवलीय.

टिल्लू, सही कुणालाही लागणार नाही अशी आहे. पण खुणा मला लागल्या. तुला गणित मी शिकवलं. बरोबरची खूण करताना तू शेवटी शेपूट खाली वळवायचास, आणि मी ओरडायचे की ही खूण आहे की गळ. कार्डावर सहा गळ आहेत. पहिले तीन वेगवेगळे, थोडे वेडेवाकडे, उभ्याने केलेले. खालचे तीन एका दमात, एका तिरक्या रेषेत, बसून केल्यासारखे.

ह्यांना मी दाखवलेलं नाही. तिला काही कळवलेलं नाही. झेरॉक्स माझ्या खणात आहे.

मला तर्क नकोत. काय झालं ते तू सांग. रागावून चार ओळी लिहिल्यास तर मी ते पत्र तसंच परत पाठवेन.

आशीर्वाद आहेत. ते मागे घ्यायची सोय नाही.

ताई


९ जुलै

ति. ताईस,

सा. न. लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. सा. न.

खुणा माझ्या आहेत.

मी सत्तावीस वर्षांचा होतो. महिन्यातून एकदा त्या इमारतीत जायचो. काम सोपं होतं. डबा एका मजल्यावर ठेवायचा आणि दुसऱ्या मजल्यांवर जाऊन प्रत्येक दार जोर लावून ओढून बघायचं. उघडलं नाही की खूण करायची. एका दाराला पाच मिनिटं. त्या दिवशी तळमजला, पहिला, दुसरा असं केलं. मग गच्चीवरच्या मशीन रूममध्ये तेल घालायला म्हणून मागच्या जिन्याने वर गेलो. पिशवीत तुझ्या ग्रंथालयाचं पुस्तक होतं. तू त्यात चिठ्ठी घातली होतीस की सोमवारी परत दे, पुढे रांग आहे. त्यातल्या जादूगाराला वेढा पडला होता आणि साठ पानं उरली होती. मी अवजारांच्या पेटीवर बसलो. दहा पानं वाचून उठायचं ठरवलं होतं. उठलो तेव्हा पुस्तक संपलं होतं आणि मला दुसऱ्या इमारतीत पोचायला उशीर झाला होता. तिथेच बसून खालच्या तीन खुणा केल्या. मागच्या महिन्यात दारं ठीक होती, या महिन्यातही असतील, असं मनाशी म्हटलं. त्याच जिन्याने उतरलो. उतरताना तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मजल्याच्या दारांसमोरून गेलो, ताई. हात लांब करायचा होता फक्त.

तिसऱ्या दिवशी ती बाई पडली. तीस वर्षांची होती. हे मी पेपरात वाचलं आणि त्या पुस्तकात पुन्हा वाचलं.

चौकशीत आमचे साहेब मला आधी बाजूला घेऊन म्हणाले की तू तपासलं असशीलच, नाही का. मी हो म्हटलं. मग आत कप्तानने सांगितलं की या पोराला मी वर नेलेलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जिन्याने गेलो होतो. ते खरंच होतं, म्हणून तर पटकन तोंडातून निघालं. त्यांनी तिथे लिहून घेतलं. कप्तानने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघत बसला. त्याला कळलं होतं. मला कळलं होतं की त्याला कळलंय.

त्यानंतर एकतीस वर्षं मी एकही दार ओढल्याशिवाय खूण केली नाही. हाताखालच्या पोरांना मी त्यापायी इतका छळतो की पाठीमागे ती मला दारवान म्हणतात. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही. कदाचित म्हणूनच लिहीत असेन.

कप्तान कुठे राहतो ते मी एकदा शोधून काढलं होतं. छत्री घेऊन गेलो. काडी मोडलेली नव्हती, मीच वाटेत मोडली. त्याने मान वर न करता छत्री घेतली आणि संध्याकाळी न्या म्हणाला. मी न्यायला गेलोच नाही.

तुझ्या वहिनीला माहीत नाही. पोरांना नाही. अडीच महिन्यांनी मानपत्र आहे. आता सांगितलं तर ती बाई परत येणार नाही, कप्तान येणार नाही, आणि आपल्या घराचं जे व्हायचं ते होईल. तू म्हणशील ते करतो. कार्ड फाडून टाक म्हणालीस तर तेही चालेल मला, हे लिहायची मला लाज वाटते, पण रोज सकाळी उठलो की आधी तेच मनात येतं.

तुझा
टिल्लू


१५ जुलै

चि. टिल्लूस अ. उ. आ. ते कमी झालेले नाहीत, पण मी तुझ्यावर रागावले आहे आणि हा राग लवकर जाणारा नाही.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. पातेलं करपलं. ह्यांनी येऊन गॅस बंद केला आणि खिडकी उघडली. मी त्यांना पत्र वाचायला दिलं. एवढं मला एकटीला पेलवलं नाही. त्यांनी दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाले की छत्रीचं फार वाईट वाटलं.

चिठ्ठीचं तू लिहिलंस. सोमवारी परत दे असं मीच लिहिलं होतं, खरं आहे. दोन दिवस मी तेच घेऊन बसले होते. मग ते बाजूला ठेवलं. मी हजारो पुस्तकांत तशा चिठ्ठ्या घातल्या. त्यात वाटा घेऊन मी तुझं ओझं हलकं करणार नाही.

आणि निर्णय माझ्यावर टाकतोस तेही मी घेणार नाही. पण त्या पुस्तकाबद्दलचं माझं मत ऐक, कारण ते तुला कळलेलं नाही. तू चौकशीच्या पानावर भोक पाडून थांबलास. शेवटचं प्रकरण वाचलंस, पण घाबरून वाचलंस. मी ते परवा पुन्हा वाचलं. पहिल्यांदा मला त्यात दोष वाटला होता. वाटलं, लेखिका शेवटी डळमळली. ती लिहिते की बाबांना विसरायची सवय होतीच, एकदा ते मला शाळेत विसरले होते, कदाचित त्या दिवशीही किल्ली लावून विसरले असतील. आता मला कळतं की तो दोष नाही. तिला खरंच माहीत नाही. टिल्लू, बाप गेल्यावर बावीस वर्षांनी ती मुलगी अजून त्याच्यावर संशय घेते, आणि त्या संशयाची लाज वाटून तिने अडीचशे पानं लिहिलीयत. गेलेली माणसं येणार नाहीत, बरोबर. पण ही जिवंत आहे, आणि तिची आईही.

ती माझ्या उत्तराची वाट बघतेय. मी एक ऑगस्टला लिहिणार आहे. तुझं नाव मी लिहिणार नाही, ते सांगायचं तुझं काम आहे. पण तिने विचारलंय की तुमच्या भावाने खुणा ओळखल्या का, आणि नाही असं मी लिहिणार नाही. कार्डही फाडणार नाही. मी आयुष्यात कुठलाच कागद फाडलेला नाही.

तिच्या दुकानाचा पत्ता मागे लिहिलाय. तुझ्यापासून बसने दोन तास. मी सोबत यावं असं वाटत असेल तर फोन कर, पहिल्या गाडीने निघेन. पण बोलायचं तुलाच.

जेवत जा. हे मी बहीण म्हणून लिहितेय, बाकीचं नुसती माणूस म्हणून.

ताई


११ ऑगस्ट

ति. सौ. ताईस टिल्लूचा सा. न. वि. वि.

तुला फोन केला नाही, कारण तू आली असतीस आणि मी तुझ्या मागे उभा राहिलो असतो. एकतीस जुलैला एकटाच गेलो.

दुकान लहान आहे. आत एकच खुर्ची आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. तिला वाटलं की डोळे तपासायला आलोय. बसा म्हणाली. मी बसलो. तिने माझा एक डोळा झाकला आणि शेवटून दुसरी ओळ वाचायला सांगितलं. मी वाचली नाही. मी तसाच एक डोळा झाकून सांगितलं की कार्डावरच्या खुणा माझ्या आहेत, तिसरा, चौथा आणि पाचवा मजला मी तपासला नव्हता, तुमच्या वडिलांनी दार उघडलेलं नव्हतं. तिने माझ्या डोळ्यावरची पट्टी काढली, दुकानाचं दार लावून घेतलं, आणि वही पुढे ठेवून म्हणाली की हे सगळं लिहून द्या, खाली नाव नीट वाचता येईल असं लिहा.

मी लिहिलं. तिने वाचून तीन प्रश्न विचारले. लॉक कसं झिजतं ते चित्र काढून दाखवायला लावलं. मग विचारलं की तेवढा वेळ वर काय करत होता. पुस्तक वाचत होतो म्हटल्यावर ती हसली. ते हसू पुन्हा बघायला मिळू नये. मी तिला सांगितलं की तुमच्या कादंबरीत लिफ्टबद्दल एकही चूक नाही आणि असा खरा लिफ्टमन मी कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही. ती म्हणाली की मत विचारलेलं नाही.

मग ती मला आईकडे घेऊन गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या चष्मा पुसत ऐकत होत्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. माझं झाल्यावर म्हणाल्या की मला सांगून काय उपयोग, मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. मग त्यांनी लेकीला कागद घ्यायला लावला आणि नावं सांगायला सुरुवात केली. कप्तानचा थोरला भाऊ, ज्याने घरी येणं सोडलं. शेजारचे दोघे. ज्या शाळेने शिपायाची जागा नाकारली तिथले तेव्हाचे मुख्याध्यापक. इमारतीचा जुना पहारेकरी. नऊ नावं निघाली. दोघे वारले होते, तर म्हणाल्या की त्यांच्या मुलांना सांगा.

तेव्हापासून मी हेच करतोय, ताई. त्या पुढे चालतात, लेक त्यांचा हात धरते, मी मागे. दार उघडलं की बाई म्हणतात, यांना काहीतरी सांगायचंय. मग मी सांगतो. थोरल्या भावाने ऐकून घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. मुख्याध्यापकांना आठवतच नव्हतं. बाईंनी त्यांना आठवेपर्यंत सोडलं नाही. पहारेकरी म्हणाला की त्यालाही तेव्हा संशय आला होता, तर बाईंनी त्याला विचारलं की मग तुझी जीभ कुठे गेली होती.

मधल्या सोमवारी कंपनीत लेखी दिलं. साहेबांनी दोनदा वाचलं, दार लावलं आणि विचारलं की इतक्या वर्षांनी ही अवदसा कुठून आठवली. चौकशी बसणार आहे. उद्यापासून कामावर येऊ नका म्हणाले. समारंभाचा विषय कुणी काढला नाही.

काल शेवटचं घर होतं, टायपिस्टच्या नवऱ्याचं. आता सत्तरीचे आहेत, एकटेच राहतात. भिंतीवर तिचा फोटो. मी पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मला वाटलं की आता ते उठून मला मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुतेक मारलं नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की मी त्याला फाटकाशी मारलं होतं, सगळ्यांसमोर. बाई म्हणाल्या की हो, गाल दोन दिवस सुजला होता. बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मी बाहेर आलो.

तासभर पायरीवर उभा होतो. लेक बाहेर आली आणि म्हणाली की आईला वेळ लागेल, तुम्ही जा. मी विचारलं की आता कुठल्या घरी जायचं. ती म्हणाली की घरं संपली, तुमचं तेवढं राहिलंय.

ताई, तुझ्या वहिनीला वाटतंय की मी रजा काढून निरोपाच्या भेटीगाठी घेत फिरतोय. रोज सकाळी ती माझा शर्ट इस्त्री करून ठेवते. आज दिवसभर मी तिच्या मागे मागे फिरलो. ती कपडे वाळत घालत होती, तिथे जाऊन चिमटे धरून उभा राहिलो. नऊ घरी सांगितलं, इथे तोंड उघडत नाही. म्हणून हे पत्र लिहितोय. ती समोर बसून वाटाणे सोलतेय आणि मधूनमधून विचारतेय की ताईंना एवढं काय लिहिता. लिहून झालं की पाकिटात न घालता आधी तिच्या हातात देणार आहे. हे तुला मिळालं तर समज की तिने वाचलंय.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा राग राहू दे, मायाही राहू दे.

तुझा
टिल्लू

ताई, वाचलं. पाकिटावर पत्ता मी लिहिला आहे. आज एवढंच.
— वहिनी